यिखूद : दार लोटलेलं की लावलेलं? (ज्यू धर्मशास्त्रातले स्त्री-पुरुष एकांताचे नियम)

पडवीकर

कर्मठ ज्यू परस्त्रीशी हात मिळवत नाहीत, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. त्यांच्या रोजच्या जगण्यात त्याहून जास्त आडवा येणारा नियम मात्र बाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याचं नाव यिखूद, म्हणजे एकांत. हिब्रूत 'एखाद' म्हणजे एक, त्यावरून आलेला शब्द. (मराठीतल्या 'एखाद्या'शी साम्य हा निव्वळ योगायोग. 'यहुदी'शीही संबंध नाही.)

नियम असा: ज्यांचं एकमेकांशी लग्न झालेलं नाही आणि अगदी सख्खं नातंही नाही, अशा स्त्री-पुरुषांनी तिसरं कुणी अवचित येऊ शकणार नाही अशा जागी एकत्र असू नये. तिथे काय करावं न करावं हा प्रश्नच येत नाही. एक जण या भिंतीला आणि दुसरी त्या भिंतीला बसून हिशेब लिहीत असली तरी नियम मोडला.

याचं मूळ तालमूदमधल्या (ज्यू पंडितांच्या धर्मचर्चांचा प्राचीन संग्रह) किद्दुशीन या भागात, ८० ते ८२ या पानांवर आहे. नंतर योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' या संहितेत (पहिली छापील आवृत्ती व्हेनिस, १५६५) ते एव्हेन हाएझेर विभागाच्या २२व्या प्रकरणात बांधून दिलं. तालमूदच्या म्हणण्यानुसार नियम तीन टप्प्यांत वाढत गेला. जिच्याशी संबंध मुळातच निषिद्ध, उदाहरणार्थ परक्याची बायको, तिच्याशी एकांत तोरापासूनच (मोशेच्या पाच ग्रंथांपासूनच) वर्ज्य. राजा दाविदाच्या घरात अम्नोनाने सावत्र बहीण तामारवर बलात्कार केला, तेव्हा त्याच्या न्यायसभेने अविवाहित स्त्रीही त्यात आणली. पुढे हिल्लेल आणि शम्मई या पंडितांच्या शिष्यांनी ज्यू नसलेल्या स्त्रीचाही समावेश केला.

वयं ठरलेली आहेत. मुलगी तीन वर्षांची झाली की परक्या पुरुषासाठी नियम लागू, मुलगा नऊ वर्षांचा झाला की परक्या बाईसाठी लागू. आई-मुलगा, बाप-लेक, आजी-आजोबा आणि नातवंडं यांना मोकळीक. भाऊ-बहीण एकत्र राहू शकतात, पण पाहुण्यासारखे, कायमचा संसार थाटून नाही. आते-मामे-चुलत भावंडं, दीर-भावजय, जावई-मेहुणी, काकू-पुतण्या हे सगळे मात्र नियमाच्या कक्षेत. आपल्याकडे ही 'घरातली माणसं' म्हणून मोजली जातात, त्यामुळे वाचताना इथेच गडबड होते.

आणि सुटकेची मुख्य वाट म्हणजे दार. तालमूदमधले पंडित राव योसेफ म्हणतात, दार रहदारीच्या बाजूला उघडं असेल तर यिखूदची चिंता नाही. पुढची सगळी चर्चा या एका दाराभोवती फिरते.

ताकभात

चांगला धागा. दोन शंका.

१. एक बाई आणि दोन पुरुष, किंवा उलट, असं असेल तर? तिसरं माणूस आहेच की.

२. हे सरळसरळ माणसावर अविश्वास दाखवणं नाही का? सज्जन माणसालाही लागू?

पडवीकर

दुसरी शंका आधी घेतो, कारण तालमूदने तीच आधी घेतली आहे.

राव अम्राम हसिदा हे नावाजलेले भक्त. बंदिवासातून सोडवलेल्या काही बायका नेहार्दआ गावी आणल्या आणि यांच्या घराच्या माळ्यावर उतरवल्या. खबरदारी म्हणून शिडी काढून बाजूला ठेवली. ती शिडी उचलायला दहा माणसंही पुरत नसत. त्यांच्यातली एक झरोक्याजवळून गेली, खाली उजेड पडला, आणि राव अम्रामांनी एकट्याने ती शिडी उचलून लावली. अर्ध्यावर चढल्यावर पाय रोवून उभे राहिले आणि ओरडले, 'अम्रामच्या घराला आग लागली!' पंडित धावत आले. बघतात तर आग नाही. 'आम्हाला लाजवलंस,' म्हणाले. त्यावर अम्राम म्हणाले, परलोकात माझी लाज वाटण्यापेक्षा इथेच वाटलेली बरी.

त्याच पानांवर रब्बी मेईर आणि रब्बी तार्फोन यांचीही वचनं आहेत. एक म्हणतो माझ्या लेकीबाबत माझ्यावर लक्ष ठेवा, दुसरा म्हणतो माझ्या सुनेबाबत. म्हणजे शास्त्र माणसाचा स्वभाव तोलायला बसतच नाही. ते जागा तोलतं: कुणी येऊ शकतं का, दिसतं का, किल्ली कुणाकडे आहे. सज्जन-दुर्जन असा भेद केला असता तर प्रत्येक वेळी कुणाला तरी दुर्जन ठरवावं लागलं असतं. मला तरी हे जास्त सभ्य वाटतं.

आता आकडे. मिश्ना (तालमूदचा मूळ पाठ, ज्यावर पुढची चर्चा चालते) सांगते: एका पुरुषाने दोन स्त्रियांबरोबर एकांतात असू नये, पण एक स्त्री दोन पुरुषांबरोबर असू शकते. तालमूद त्याला लगेच मुरड घालतं. दोघेही पुरुष नेकीचे हवेत. हे गावात चालेल, प्रवासात तीन पुरुष हवेत. कारण फार साधं: वाटेत एकाला लघवीला जावं लागलं की उरला एकच. पोलंडमधल्या क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी (त्यांना रेमा म्हणतात) शुल्हान आरुखवर जी भर घातली, तीत सामान्य माणसाला नेकीचाच धरलं आहे आणि गावात दोन, वाटेवर तीन ही मोजणी मान्य केली आहे. मात्र उडाणटप्पूंचा घोळका असेल तर दहाही चालत नाहीत.

उलट बाजूने, एक पुरुष आणि तीन किंवा अधिक स्त्रिया, हे रेमांच्या भरीत काहींच्या मते चालतं, पण त्याचा धंदा बायकांशी संबंधित नसेल तरच. सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेतले ज्यू, कारोंचा मूळ पाठ धरतात. त्यात बायका कितीही असोत, पुरुष एकटा असला की नाही.

कानामात्रा

पडवीकर, 'नवरा गावात आहे' हा मुद्दा राहिला, आणि सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो.

तालमूदमध्ये रब्बा म्हणतो: बाईचा नवरा गावात असेल तर यिखूदची चिंता नाही. राशी (फ्रान्सचे अकराव्या शतकातले भाष्यकार, आपल्या बारांपैकी नव्हे) याचा अर्थ लावतात की फटक्यांची शिक्षा नाही, पण मनाई आहेच. तोसाफोत हे नंतरचे टीकाकार म्हणतात, मनाईच नाही. शुल्हान आरुखने सूट मान्य केली आहे. तरी बरेच पोस्किम (निर्णय देणारे पंडित) एकट्या याच आधारावर राहू नका, जोडीला आणखी काही तरी असू द्या, असं सांगतात.

या सुटीला भोकंही आहेत. पहिलं, ज्याच्याशी तिची लहानपणापासून सलगी आहे किंवा जो नात्यातला आहे त्याच्या बाबतीत ही सूट चालत नाही. पुरावा तालमूदमध्येच आहे. राव बिबी हे राव योसेफांच्या घरी जेवायला गेले. जेवण झाल्यावर राव योसेफ म्हणाले, बिबीखालची शिडी काढून घ्या. म्हणजे पाहुणा माळ्यावर, शिडी खाली. नवरा तर गावातच होता, मग कशाला? कारण बिबी राव योसेफांच्या बायकोचा जुना परिचित होता. आजच्या भाषेत, रोज आठ तास शेजारी बसणारा सहकारी यात येतो का, यावर वाद आहे.

दुसरं, नवरा गावात आहे पण दवाखान्यात ऑपरेशनच्या टेबलावर आहे, किंवा पाळीवर आहे आणि सहा वाजेपर्यंत सुटणारच नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. काही पोस्किम म्हणतात, सूट कशामुळे? नवरा कधीही दारात उभा राहील या धास्तीमुळे. धास्ती नाही तर सूट नाही. दुसरे म्हणतात, नवरा गावात असला की तिच्या मनावर एक दाब असतोच, तेवढा पुरे.

आणि सर्वांत नेहमीची चूक: पुरुषाची बायको गावात असणं. त्याचा काही उपयोग नाही. बायको राखण करते, पण ती तिथे, त्याच घरात असेल तेव्हा. मिश्नेत रब्बी शिमोन म्हणतात, बायको बरोबर असेल तर तो दोन स्त्रियांबरोबर धर्मशाळेतही झोपू शकतो, कारण 'बायको त्याला राखते'. ती घरी आणि हा दौऱ्यावर, याला राखण म्हणत नाहीत.

निशिगंधा

घरातल्या रोजच्या गोष्टी लिहिते. तत्त्व कळून भागत नाही, खरी अडचण सकाळी अकरा वाजता नळ दुरुस्त करणारा आला की कळते.

बाई एकटी आहे आणि प्लंबर आला. दार उघडं ठेवायचं, किंवा निदान ढकललं की उघडेल असं लोटून. साखळी अडकवून ठेवलेलं फट पडलेलं दार हे बंदच धरतात, कारण बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. दार उघडं ठेवणं शक्य नसेल तर शेजारणीला किल्ली द्यायची. इथे तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: किल्ली खरंच चालणारी हवी (आतून कडी लावली तर ती निरुपयोगी), शेजारणीला न वाजवता आत यायची परवानगी हवी, आणि ती अशी कधीही येऊ शकते हे त्या प्लंबरला माहीत हवं. लोक पहिली गोष्ट करतात आणि तिसरी विसरतात. त्याला ठाऊकच नसेल तर धाक कसला?

लहान मूल राखण म्हणून चालतं. पण कुठलं? तालमूदचा निकष असा की काय चाललंय ते कळावं, पण स्वतः त्यात गुंतण्याइतकं मोठं नसावं. पोस्किम साधारण पाच-सहा ते नऊ या वयाचं मूल धरतात. दीड वर्षाचं तान्हं चालत नाही. झोपलेलं मूलही बहुतेक धरत नाहीत.

मुलं सांभाळायला येणारी सोळा वर्षांची मुलगी, हा कर्मठ वस्त्यांमधला कायमचा विषय. घरातला सर्वांत मोठा मुलगा साडेनऊचा असेल तर ती आणि तो यांच्यात यिखूद लागू होतो. मध्ये सात वर्षांची बहीण जागी असेल तर सुटलं. ती रात्री नऊला झोपली की पुन्हा प्रश्न. आणि रात्री अकरा वाजता नवऱ्याने तिला गाडीतून घरी सोडायचं, हे सर्वांत सर्रास होणारं उल्लंघन. उपाय एकच, बायकोने सोडावं आणि नवऱ्याने मुलांजवळ थांबावं.

दत्तक मुलांचा प्रश्न जास्त नाजूक. रक्ताचं नातं नाही म्हणजे अक्षर पाहिलं तर नियम लागू. लुबाविच पंथाचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन कडक राहिले. जेरुसलेमचे एलिएझेर वाल्डेनबर्ग यांनी मुलगी तीनच्या आत आणि मुलगा नऊच्या आत घरात आला असेल तर सूट दिली. न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन यांनीही वेगळ्या मार्गाने सवलत काढली. आज बरीच घरं याच दोघांच्या आधारावर चालतात, आणि चालावीतच असं माझं मत. दहा वर्षांच्या लेकीला बापाने शाळेतून एकट्याने आणू नये म्हणणं म्हणजे दत्तक घेऊच नका म्हणणं.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेला एक मुद्दा. इस्राएलमध्ये वृद्धांची देखभाल करायला भारतातून बरेच जण जातात. घरात एकटा म्हातारा आणि काळजी घेणारी बाई असेल आणि घर कर्मठ असेल, तर मुलगा किंवा सून वेळ न सांगता येऊन जाते, शेजाऱ्यांकडे किल्ली असते. तिच्या कामावर पाळत म्हणून हे चाललंय असा गैरसमज होतो. खरं तर ती म्हाताऱ्यासाठी केलेली यिखूदची सोय असते. पार अंथरुणाला खिळलेल्या माणसाबाबत काही पोस्किम सौम्य आहेत, पण वय झालं म्हणून नियम आपोआप सुटत नाही.

गणिती

लिफ्ट आणि टॅक्सीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

लिफ्टमध्ये प्रश्न येतो तो किती वेळ हा. तालमूदच्या सोता भागात चौथ्या पानावर (विषय वेगळा आहे: नवऱ्याने संशय घेतलेली बायको परक्याबरोबर किती वेळ लपली की मोजायचं) वेळेची अक्षरशः यादी आहे. खजुराच्या झाडाला एक फेरी घालण्याइतका. पेला कालवण्याइतका. तो पिण्याइतका. अंडं भाजण्याइतका. ते गिळण्याइतका. एकामागून एक तीन अंडी गिळण्याइतका. विणकराने तुटलेला धागा गाठण्याइतका. बाईने दातात अडकलेली काडी काढण्याइतका. टोपलीत हात घालून भाकर उचलण्याइतका. वर तालमूद शेरा मारतं की प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून सांगितलं, आणि लगेच विचारतं: पण बेन अझ्झाईचं तर लग्नच झालं नव्हतं, मग त्याने अंड्याचा हिशेब कुठून आणला?

तर हा वेळ यिखूदला लावायचा की नाही, यावरच एकमत नाही. म्हणून लिफ्टमध्ये सेकंद मोजत बसत नाहीत. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर थांबून दार उघडू शकतं, हाच मुख्य आधार. म्हणून रहिवासी इमारतीतली साधी लिफ्ट बहुतेकांना चालते. रात्री दोन वाजता, किल्लीने चालणारी, मध्ये कुठेच न थांबणारी असेल तर सावध राहणारे जिना धरतात.

टॅक्सीत 'मी मागे बसले, तो पुढे' याला काही अर्थ नाही. अंतर हा निकष नाहीच, दिसणं हा निकष आहे. शहरात दिवसा रहदारी, सिग्नल, पारदर्शक काचा, मग रस्ता हीच उघड्या दारासारखी जागा. काळ्या फिल्म लावलेल्या काचा असतील तर तो आधार गेला. रात्रीच्या मोठ्या रस्त्यावर गाड्या सारख्या जात असतील तर बरेच जण चालवून घेतात. निर्मनुष्य आडरस्ता असेल तर नाही. गाडी बंद गॅरेजमध्ये घातली की ती खोलीच झाली.

ऑफिसात काचेची केबिन उत्तम. पडदे ओढलेत तर मात्र काच असून नसल्यासारखी. खिडकीचं गणितही तसंच: रस्त्यावरून जाणाऱ्याला सहज आत दिसलं पाहिजे. चौथ्या मजल्यावरची खिडकी, जिच्यात फक्त कावळा डोकावतो, ती उपयोगाची नाही. आणि दिवसा चालणारी खिडकी रात्री आत दिवा लावला तरच चालते.

कॅमेरा: दुसरीकडे कुणी तरी चालू दृश्य पाहत असेल, किंवा या क्षणी पाहतंय की नाही ते आतल्यांना कळत नसेल, तर अनेक पोस्किम मानतात. नुसतं रेकॉर्ड होतंय आणि चोरी झाली तरच कुणी बघेल, याबाबत वाद. फोनवर किंवा व्हिडिओवर दोघंच बोलणं हे यिखूद नाही, तिथे शरीरं एका जागी नाहीत.

ताकभात

बरंच स्पष्ट झालं. आता हात मिळवण्याचं काय? शिवाय असं ऐकलंय की ज्यू बायकोच्या हातात थेट पाण्याचा पेलासुद्धा देत नाहीत. मग दुकानात सुट्टे पैसे कसे घेतात?

कानामात्रा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे कायदे एकात मिसळलेत. तुमचाच दोष नाही, इंटरनेटवर सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

पेला हातात न देण्याचा नियम फक्त नवरा-बायकोचा आहे, आणि तोही पाळीच्या काळात, ती मिक्वेत (विधीच्या स्नानकुंडात) जाऊन येईपर्यंत. त्याला हर्खाकोत म्हणतात आणि तो शुल्हान आरुखच्या योरे देआ विभागाच्या १९५व्या प्रकरणात आहे. त्या काळात एकमेकांच्या हातून वस्तू घेत नाहीत, रेमांनी फेकून देणंही बंद केलं. एकाच ताटात जेवत नाहीत, टेबलावर दोघांच्या मध्ये एरवी तिथे नसलेली एखादी वस्तू आठवण म्हणून ठेवतात. तान्ह्या बाळाबाबत काही जण सौम्य आहेत, मूल स्वतः झेपावून दुसऱ्याकडे जात असेल तर. गंमत अशी की या काळातही नवरा-बायकोला यिखूदची मनाई नाही. अपवाद एकच: लग्न झालंय पण अजून एकत्र आलेले नाहीत आणि वधूची पाळी चालू आहे, तर राखण लागते.

परक्या बाईला वस्तू हातात द्यायला अशी कुठलीही मनाई नाही. तालमूद (बेराखोत, ६१) फक्त इतकं म्हणतं की तिला न्याहाळता यावं म्हणून तिच्या तळहातावर एकेक नाणं मोजून ठेवू नये. दुकानदार पैसे गल्ल्यावर ठेवतो ती निव्वळ जास्तीची काळजी.

आता स्पर्श. मूळ आधार तोरातलं लेवीय १८. मध्ययुगातले पंडित मायमोनिदीस (रांबाम) यांच्या मते वासनेने केलेला स्पर्श तोराने मना केलेला, नाखमानिदीस यांच्या मते ती पंडितांची मनाई. पण दोघंही 'वासनेने, जवळीक म्हणून' असंच धरतात, असं सतराव्या शतकातले शाख हे भाष्यकार दाखवतात. मग व्यावसायिक हस्तांदोलनात जवळीक कसली? म्हणून जर्मन ज्यू परंपरेत, समोरच्या बाईने हात पुढे केला तर तिला चारचौघांत लाजवू नये म्हणून मिळवण्याकडे कल होता. फाइनस्टाइन म्हणतात, असे लोक आहेत खरे, पण त्यावर विसंबणं अवघड. हसिदी (भक्तिमार्गी पंथांचे ज्यू) आणि इस्राएलमधले कडक लोक अजिबात नाही म्हणतात. याच फाइनस्टाइननी न्यूयॉर्कच्या गच्च भरलेल्या रेल्वे-बसमध्ये धक्का लागणं किंवा बाईशेजारी बसणं याला हरकत नाही असाही निर्णय दिला. तो हेतूचा स्पर्श नाहीच.

व्यवहारात काय करावं: कर्मठ ज्यू भेटला तर त्याने आधी हात पुढे करेपर्यंत आपण करू नये. हात छातीवर ठेवून मान झुकवणं हा त्यांचा नेहमीचा मार्ग. आपल्याला तर नमस्कार आयता आहे.

खडीसाखर

बोलण्याचाही नियम आहे. मिश्नेतल्या पिर्के आवोतच्या पहिल्याच अध्यायात योसे बेन योखानान म्हणतात, बाईशी फार बोलू नये. यावर सर्वांत चांगला टोला एका बाईनेच हाणला आहे. तालमूदचा एरुविन भाग, ५३वं पान. रब्बी योसे गालीलकर रस्त्यात बेरुरिया या विदुषीला विचारतात, 'लोदला कुठल्या वाटेने जायचं?' ती म्हणते, 'मूर्ख गालीलकरा, बाईशी फार बोलू नये ना? मग "लोद कुठे?" एवढंच विचारायचंस.' सहा शतकांच्या पंडितीत एवढी नेमकी खोडी दुसरी नसावी.

आजचे पोस्किम कामाचं बोलणं, नमस्कार-चमत्कार, तब्येतीची चौकशी यांत काही पाहत नाहीत. अडतं ते गप्पांच्या सलगीत. नवऱ्याकडे बायकोची विचारपूस करणंही चालतं. अब्राहामला देवदूतांनी 'सारा कुठे आहे' विचारलंच होतं.

अवांतर, पण भारताशी जोडलेलं: लग्न झालेल्या बायका केस झाकतात, आधार तालमूदच्या केतुबोत भागातलं ७२वं पान. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेतल्या घरांत बऱ्याच जणी त्यासाठी केसांचा टोप घालतात. २००४ साली बातमी पसरली की या टोपांतले केस तिरुपतीच्या मुंडणातले आहेत. लंडनहून एक दयान (धर्मन्यायाधीश) तिथे पाहायला गेले, आणि जेरुसलेमचे योसेफ शालोम एल्याशिव यांनी ते मूर्तिपूजेत अर्पण केलेले, म्हणून वापरायला मना, असं ठरवलं. ब्रुकलिन आणि इस्राएलमध्ये रस्त्यावर टोपांच्या होळ्या झाल्या. ओवादिया योसेफ तर आधीपासूनच टोपाच्या विरोधात होते. रुमाल बांधा, केस झाकायला केस कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पडवीकर

केसांचा वेगळा धागा काढा, खडीसाखर. तो विषय याहून मोठा आहे.

प्रार्थनास्थळात स्त्री-पुरुषांमध्ये असणाऱ्या आडोशाबद्दल एवढंच सांगतो की तो यिखूदमधून येत नाही. त्याचा आधार तालमूदच्या सुक्का भागातलं ५१वं पान: जेरुसलेमच्या मंदिरात सणाच्या गर्दीत बायकांसाठी वर सज्जा केला होता. सपाट जागेत पडदा असेल तर फाइनस्टाइन खांद्याइतकी, म्हणजे १८ तेफाखांची (साधारण पाच फुटांची) उंची पुरेशी मानतात. मुंबईत फोर्टमधल्या केनेसेथ एलियाहूत (१८८४) वर सज्जाच आहे, तो बगदादी ज्यूंनी बांधला.

निशिगंधा

मग एकांताच्या उलट्या टोकाचं सांगून टाकते. लग्नात हुप्पा (छताखालचा लग्नविधी) झाल्याबरोबर अश्केनाझी वधूवरांना एका खोलीत नेतात, तिला हेदेर यिखूद म्हणतात. इथे एकांत नुसता चालत नाही, तो व्हावाच लागतो, कारण काही मतांनुसार लग्न त्यानेच पुरं होतं. त्यामुळे इतका वेळ वाचलेले सगळे नियम उलटे करायचे.

दोन साक्षीदार, दोघेही वधूवरांचे किंवा एकमेकांचे नातेवाईक नसलेले. ते आधी आत जाऊन खोली रिकामी आहे ना ते बघतात: पडद्यामागे, न्हाणीघरात, दुसरं दार असेल तर तेही. मग जोडपं आत जातं, दार आतून लावतं, साक्षीदार घड्याळ बघून बाहेर उभे राहतात. सात-आठ मिनिटं ते दहा मिनिटं. दिवसभराचा उपास असतो, म्हणून आत सूप आणि काही तरी खायला ठेवलेलं.

बिघडतं ते असं: फोटोवाला 'एकच फोटो' म्हणून आत शिरतो आणि सगळी वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. हॉलच्या खोलीला स्वयंपाकघराकडून दुसरं दार असतं आणि वाढपी शिरतो. साक्षीदार गप्पा मारत जेवणाकडे निघून जातात. किंवा कडीच लागत नाही. सेफार्दी लोक हे हॉलवर करत नाहीत, त्यांच्यात घरी गेल्यावरच. एका बाजूचं कुटुंब सेफार्दी असेल तर आधी रब्बीला विचारून ठेवलेलं बरं, नाहीतर हुप्पाखालीच वाद.

ताकभात

शेवटचा प्रश्न. हॉटेलच्या खोलीत कामाची बैठक असेल, एक पुरुष आणि एक बाई. दार लोटून ठेवलं तर चालेल ना?

गणिती

लोटून नाही चालणार. घराचं दार लोटलं तर ढकलून उघडतं, पण हॉटेलचं दार बंद झालं की आपोआप कुलूपबंद होतं, बाहेरून कार्डाशिवाय उघडत नाही. म्हणजे लोटलेलं दार म्हणजेच लावलेलं दार. कार्डाच्या कुलपाची ऑफिसं, दवाखान्याच्या तपासणीच्या खोल्या यांचंही तेच. दाराची आतली लोखंडी पट्टी बाहेर वळवून ठेवा, म्हणजे दार तिच्यावर टेकतं आणि कुलूप अडकत नाही. कॉरिडॉरमधून लोक जात-येत असतील तेवढा वेळ चालेल. मध्यरात्री मजला सुनसान झाला की पट्टीचाही उपयोग नाही, मग सरळ खाली लॉबीत बसा.